वरचं कुरण

मातालेना न्यूझीलंडमधल्या पुकेवायच्या रस्त्यांवर वर्षानुवर्षं शहराची बस चालवत होती. तिच्या बसमध्ये चढणाऱ्याला तिचा राग कधी ना कधी ऐकावाच लागे. कुणी सीटवर पाय ठेवला, कुणी म्हातारीला जागा दिली नाही, की आरशातून नजर रोखून तिचा आवाज सगळ्या बसभर घुमायचा. पण त्या गुरुवारी तिने चढावर मध्येच बस थांबवली आणि एक शब्दही न बोलता खाली उतरली. मागच्या बाकांवरची शाळेची पोरंसुद्धा चिडीचूप झाली.

रस्त्याच्या कडेला वरचं कुरण होतं. घोडेस्वारी शिकवणाऱ्या एका शाळेची तट्टं तिथे चरायची. तट्टं आता नव्हती. कुंपण मोडलं होतं आणि एकामागून एक डंपर मागे सरकत खोलगट भागात माती ओतत होते. फाटकाशी नव्या दुमजली घरांचं रंगीत चित्र लावलं होतं. चित्रात ऊन होतं, सायकलवर बसलेली मुलगी होती.

"काय चाललंय इथे?" वाहतूक अडवणाऱ्या माणसाला तिने विचारलं.

"भर टाकतोय, मॅडम. घरं होणारेत."

"इथे तळं होणार होतं."

"तळं? मला कुणी तळ्याचं बोललं नाही." त्याने तिच्यामागे पाहिलं. "बस जरा बाजूला घेता का? रांग लागलीय."

ती परत येऊन बसली. तळपायाची आग मस्तकात गेली होती. पुढच्या थांब्यांवरून ती सरळ गाडी पळवत गेली आणि उतरणाऱ्यांनी घंटा वाजवून वाजवून तिला शुद्धीवर आणलं.

हे कुरण म्हणजे काय, हे पुकेवायमध्ये एकट्या तिलाच ठाऊक होतं असं नाही. ठाऊक सगळ्यांनाच होतं. वायतेरे ओढा डोंगराकडून येतो, कुरणात पसरतो आणि मग वस्तीतून खाली खाडीला जातो. मातालेनाचे आईवडील सामोआ बेटांवरून न्यूझीलंडला आले त्या काळात वस्तीतला ओढा काँक्रीटच्या पाइपात घालून वर मैदान केलं होतं. मुलं त्या मैदानावर रग्बी खेळत मोठी झाली. पायाखाली ओढा आहे याची आठवण एकट्या रेवेतीला असायची. रेवेती म्हातारा माओरी. त्याचे लोक शहर व्हायच्या आधीपासूनचे. त्याला सगळे 'कोरो' म्हणत, म्हणजे आजोबा. तो मैदानावरून जाताना ओढ्याला नावाने हाक मारायचा आणि पोरं त्याची टर उडवायची.

मग एका फेब्रुवारीत आभाळ फाटल्यासारखा पाऊस झाला. पाइपाच्या तोंडाशी जी लोखंडी जाळी होती तिच्यात कचऱ्याचे डबे, फांद्या, कुणाचं तरी कुंपण येऊन अडकलं आणि पाणी रस्त्यावर वळलं. मातालेनाचा नवरा लाफाएले कमरेला दोर बांधून जाळी मोकळी करायला उतरला. दोर शेजाऱ्यांनी धरला होता. त्याने बरंच ओढून काढलंही. मग दाबाने जाळीच निखळली आणि तो जाळीसकट पाइपात गेला. शेजाऱ्यांच्या हातात तुटलेला दोर राहिला. दुसऱ्या दिवशी तो खाली खाडीवर, तिवरांच्या मुळांत सापडला.

नगरपालिका म्हणाली, आम्ही मोठा पाइप घालू.

तेव्हा मातालेनाचा भाचा एतुआले उद्यानं आणि शहरं आखायचं शिक्षण घेत होता. बहीण सामोआला परत गेल्यापासून पोरगा हिच्याच घरात, हिच्याच पगारावर वाढलेला. त्याने मावशीला स्वयंपाकघरात बसवून समजावलं. पाइप मोठा केला की पाणी जास्त जोरात जातं, एवढंच. ओढा उघडा करायला हवा, त्याला वळणं, झाडं, पाणवनस्पती हव्यात. आणि वर कुरणात पूर थोपवायला जागा हवी.

"पाण्याला बसायला जागा द्यायची, मावशी," तो म्हणाला होता. "दमून आलेल्या पाहुण्याला देतो तशी. मग ते धिंगाणा घालत नाही."

हे वाक्य मातालेनाने उचललं आणि नगरपालिकेच्या प्रत्येक सभेत, बसचा गणवेश अंगावर असतानाच, उभं राहून सुनावलं. अधिकारी बदलले, नगरसेवक बदलले, ही बाई हटली नाही. शेवटी आराखडा मंजूर झाला. खाली उघडा ओढा आणि बाग, वर कुरणाच्या जागी उथळ तळं. पाऊस नसेल तेव्हा तिथे मुलांनी खेळायचं, पुरात पाण्याने बसायचं. एतुआलेला तोवर नगरपालिकेत नोकरी लागली होती आणि काम त्याच्याकडेच आलं. चर्चमध्ये त्या रविवारी मातालेना इतकी मोठ्याने गायली की पाद्रीबाबांनी वळून पाहिलं.

बाग झालीही सुंदर. ओढा वाहू लागला, काठावर हाराकेके झुडपांची लांब पाती डुलू लागली, काळे वाम मासे कुठून कोण जाणे परत आले. मधोमध लाकडी पूल. त्याला लाफाएलेचं नाव द्यायचं ठरलं होतं. उद्घाटन पुढच्या शनिवारी.

आणि वर डंपर माती ओतत होते.

तिने एतुआलेला फोन लावला. गुरुवारी लावला, शुक्रवारी लावला. त्याने उचलला नाही. रविवारी मात्र चर्चनंतर तो नेहमीसारखा जेवायला आला, आणि तिने नेहमीसारखं ताट वाढलं. उकडलेले अळकुड्यांचे मोठे कंद, नारळाच्या दुधात अळूची पानं शिजवून केलेली पालुसामी, डुकराचं मांस. प्रार्थना झाली. त्याने पहिला घास घेतला.

"फोन का उचलला नाहीस?"

"मीटिंगमध्ये होतो, मावशी."

"गुरुवारपासून?"

त्याने घास गिळला. "तू कुरण बघितलंस."

"मी रोज त्या रस्त्याने जाते, रे. तुला काय वाटलं, डोळे मिटून बस चालवते मी?"

"ते वरून ठरलं."

"वरून म्हणजे? देवाकडून?"

"मावशी, ऐक तर. सरकारने घरांसाठी पैसा दिला. ताबडतोब जागा दाखवा म्हणाले, नाहीतर पैसा दुसऱ्या शहराला जाईल. कुरण नगरपालिकेचं, रिकामं. लोक गाड्यांमध्ये झोपतायत. पोरंबाळं घेऊन. तू बघतेस ना रोज?"

"बघते. पहाटेची बस माझीच असते. काचा धुरकटलेल्या गाड्या बघते आणि आत किती जणं असतील ते मनात येतं. म्हणूनच विचारते. त्यांना गाडीतून काढून पाण्यात घालणार?"

"भर टाकून जमीन उंच करतायत. घरं बुडणार नाहीत."

"मग पाणी कुठे जाईल?"

एतुआलेने पालुसामी चमच्याने ढवळली.

"मी सांगते कुठे जाईल. खाली. तुझ्या त्या सुंदर बागेतून, पुलावरून, माझ्या दारात. तूच शिकवलंस मला."

"रस्त्याखाली जादा पाइप घालतोय. हिशोबात बसतंय ते."

"मी हिशोबाला विचारत नाही, तुला विचारते. पुरेल?"

"नेहमीच्या पावसाला पुरेल."

"आणि त्या दिवशीसारख्या?"

बाहेर शेजाऱ्यांची पोरं पत्र्याच्या दारावर चेंडू आपटत होती.

"गोल्फचं मैदान आहे ना वर टेकडीवर," ती म्हणाली. "तेही नगरपालिकेचंच. कोरडं ठणठणीत. घरं तिथे का नाही?"

"ते चर्चेतच आलं नाही."

"का?"

"तुला माहितीये का ते."

"मला तुझ्या तोंडून ऐकायचंय."

"तिथले सभासद मोठे लोक आहेत, मावशी! झालं समाधान? त्यांच्या एका फोनवर माझ्या साहेबाचा साहेब हलतो. मी काय करणार होतो? नाही म्हटलं असतं तर दुसऱ्याने सही केली असती."

"म्हणजे सही तुझी."

"माझीपण."

मातालेना उठली. तिने त्याच्यासमोरचं ताट उचललं नाही, आवाजही चढवला नाही. या घरात तिचा आवाज चढलेला नसणं म्हणजे काय, ते एतुआलेला लहानपणापासून ठाऊक होतं. त्याने चमचा खाली ठेवला.

"ऊठ. तुझ्या काकाच्या टेबलावरून ऊठ. आणि पालुसामी डब्यात घेऊन जा, नाहीतर म्हणशील मावशीने उपाशी हाकललं."

दुसऱ्या दिवशी काम संपल्यावर ती बागेत गेली. कोरो रेवेती ओढ्याकाठच्या नव्या बाकावर बसून वाम बघत होता. तिने उभ्या उभ्या त्याला सगळं ऐकवलं. तो मान हलवत राहिला आणि तिच्या लक्षात आलं की यातलं काहीच त्याला नवीन नाही.

"तुम्हाला ठाऊक होतं!"

"बोलावलं होतं आम्हाला. आम्ही नाही म्हणालो. त्यांनी लिहून घेतलं, 'इथल्या माओरी मंडळींशी चर्चा झाली.'" तो हसला, पण डोळे हसले नाहीत. "झाली की. आमच्या 'नाही'ची चर्चा झाली."

"मग मला का नाही सांगितलंत? मी त्यांची झोप उडवली असती!"

"थकलो, पोरी. माझ्या आजोबांपासून आम्ही याच जमिनीबद्दल नाही म्हणतोय."

"थकलात! आणि शनिवारी पहाटे त्यांच्यासाठी प्रार्थना म्हणणार?"

"त्यांच्यासाठी कशाला? ओढ्यासाठी म्हणणार. ओढ्याने काय वाईट केलंय?"

यावर ती आणखी चिडली आणि पाय आपटत घरी गेली. उद्घाटनाला जायचंच नाही, असं तिने ठरवलं. शुक्रवारपर्यंत तिचं मत बदललं. आपण घरी बसलो तर ते नाव वाचतील, टाळ्या वाजवतील आणि लाफाएले त्यांच्या बाजूने उभा राहिल्यासारखा दिसेल. मेलेला माणूस नाही म्हणू शकत नाही. ते तिलाच म्हणावं लागणार होतं.

शनिवारी उजाडता उजाडता बागेत माणसं जमली. गारठा होता. ओढ्यावर धुकं होतं. कोरो रेवेती काठी टेकत पुढे झाला आणि त्याने माओरीत प्रार्थना म्हटली. त्याचा आवाज म्हातारा होता तरी पाण्यावरून दूरवर गेला. पाद्रीबाबांनी सामोअन प्रार्थना म्हटली. मग ग्लेनिस हॉवर्थ बोलायला उभ्या राहिल्या. या भागातून निवडून आलेल्या नगरसेविका, चांगल्या बोलणाऱ्या, हिरवा स्कार्फ घातलेल्या. शहर आणि निसर्ग यांनी हातात हात घालून कसं चालायचं ते पुकेवायने देशाला दाखवलं, असं त्या म्हणाल्या. टाळ्या झाल्या. पुलाच्या तोंडाशी नावाचा दगड होता, त्यावर झाडाच्या सालीचं नक्षीदार सामोअन कापड पांघरलेलं. मातालेनानेच ते डंपर दिसायच्या आधी दिलं होतं.

"आता लाफाएले यांच्या पत्नी दगडावरचं कापड काढतील."

मातालेना दगडाजवळ गेली. बसचा गणवेशच घालून आली होती. तिने कापडाला हात लावला, त्याच्या सुरकुत्या सारख्या केल्या आणि ते चारही बाजूंनी दगडाखाली घट्ट खोचलं.

"हे मी काढणार नाही," ती म्हणाली. तिला माइक लागला नाही. "तुम्हीही कुणी काढायचं नाही. माझा नवरा पाण्याची वाट मोकळी करायला गेला आणि मेला. वर कुरणात तुम्ही पाण्याची वाट बुजवताय, आणि खाली त्याचं नाव लावून फोटो काढताय! लाज वाटत नाही? ही फुलं, हा पूल, हे मासे सगळं छान आहे. पण वरचं तळं नसेल तर ही बाग नाही, ही लिपस्टिक आहे! पुढच्या पुरात कोण दोर बांधून उतरणार? ग्लेनिसबाई, तुम्ही?"

गर्दीत कुणीतरी शिट्टी मारली. ग्लेनिसबाईंचं हसू तसंच गोठून राहिलं. तेवढ्यात मागून एका बाईचा आवाज आला, मातालेनाइतकाच चिडलेला.

"आणि आम्ही काय करायचं?"

लोक बाजूला झाले. कडेवर पोर घेतलेली टोंगा बेटांकडची एक तरुण बाई होती. मेलेआने तिचं नाव. वर्षभर दोन पोरांना घेऊन मोटेलच्या एका खोलीत राहत होती, त्याआधी गाडीत. नव्या घरांपैकी एक तिला मिळायचं होतं.

"घर असलेल्या बायकांना तळी सुचतात!" ती म्हणाली. "मला किल्ली मिळणार होती. पोराला शाळेत काय पत्ता सांगू? तुमचा नवरा गेला त्याचं वाईट वाटतं मला. पण म्हणून माझ्या पोरांनी मोटेलात कुजायचं का?"

इतके दिवस रागाचं एकेक वाक्य मातालेना बसमध्ये घोकत होती, पण त्यात या पोरीला द्यायचं उत्तर नव्हतं. तिला या पोरीचाही राग आला, आणि मग तो राग चुकीच्या माणसावर निघालाय हेही कळलं.

ग्लेनिसबाईंनी संधी साधली. "बघा, लोकांच्या गरजा किती खऱ्या आहेत! आणि पुराची काळजी करू नका. आमचे तज्ज्ञ इथेच आहेत, आणि ते तर लाफाएले यांच्याच घरातले. एतुआले, सांग बरं सगळ्यांना. नव्या पाइपाची व्यवस्था पुरेशी आहे ना?"

एतुआले पुलाच्या कठड्याशी उभा होता. सगळ्या माना तिकडे वळल्या. त्याने मावशीकडे पाहिलं, मग मेलेआनेकडे, मग तिच्या कडेवरच्या पोराकडे. पोर आपली मूठ चोखत होतं.

"एतुआले?"

"नाही," तो म्हणाला.

"नाही म्हणजे?"

"पुरेशी नाही. नेहमीच्या पावसाला चालेल. मोठ्या पावसात पाणी इथे येईल, या गल्ल्यांत. कुरणाच्या खालच्या अंगाला घरांची जी पहिली रांग होणार आहे तिच्या मागच्या दारांतसुद्धा येईल." त्याने मेलेआनेकडे बघून मान खाली घातली. "तुमचं घर त्या रांगेत आहे, ताई."

मेलेआने आधी त्याच्याकडे बघत राहिली, मग ग्लेनिसबाईंकडे.

"हे तुम्हाला माहीत होतं?" तिने विचारलं.

ग्लेनिसबाई म्हणाल्या की हा विषय तांत्रिक आहे आणि ही वेळ नाही. मग जो गोंधळ उडाला त्यात पुढची भाषणं वाहून गेली. चहाच्या टेबलाकडे कुणी फिरकलं नाही. निम्मी गर्दी आपणहून चढ चढून कुरणाच्या फाटकाशी जाऊन उभी राहिली, पाद्रीबाबासुद्धा. कोरो रेवेतीला दोघांनी हात देऊन वर नेलं. सोमवारी डंपर आले तेव्हाही फाटकाशी माणसं होती, त्याच्या दुसऱ्या दिवशीही. ड्रायव्हर गाड्या बंद करून त्यांच्याबरोबर चहा पीत बसले.

एतुआलेला आठवड्याभरात पार्किंगच्या पाट्या लावणाऱ्या विभागात टाकलं. तो मावशीच्या डेपोवर आला आणि बसच्या दाराशी उभा राहिला.

"मी खरं बोललो, मावशी."

"विचारल्यावर बोललास. सगळ्यांसमोर, अंगाशी आल्यावर. रविवारी माझ्यासमोर बोलायचं होतंस. सही करायच्या आधी बोलायचं होतंस."

"हो."

"हो काय हो? चढायचं असेल तर चढ, माझी वेळ झालीय."

तो चढला आणि शेवटच्या थांब्यापर्यंत तिच्या मागच्या बाकावर बसून राहिला. ती त्याच्याशी एक शब्द बोलली नाही. उतरताना तो 'येतो' म्हणाला, तेव्हा तिने आरशात पाहिलं, एवढंच.

पुढे चौकशी बसली, तज्ज्ञ आले, हिवाळा गेला. कुरणाच्या खोलगट भागातली भर उकरून काढायची आणि तळं करायचं, असा निर्णय झाला. रस्त्याकडेच्या उंच पट्ट्यावर थोडी घरं बांधायची, उरलेली 'पुढच्या टप्प्यात, योग्य जागी'. स्थानिक वर्तमानपत्रात ग्लेनिसबाईंचा गमबूट घातलेला फोटो आला. खाली छापलं होतं, नगरपालिकेची दूरदृष्टी. मातालेनाने ते पान बसमधल्या प्रवाशांना वाचून दाखवलं, आणि मग जी भाषा वापरली त्याबद्दल तिच्याविरुद्ध एक तक्रार गेली.

लोक तिला म्हणायचे, जिंकलीस की. आता तरी शांत हो.

ती शांत कशी होणार होती? पाण्याला जागा मिळाली होती, माणसांना नाही. मेलेआनेचं नाव उंच पट्ट्यावरच्या घरांत लागलं नव्हतं. ती अजून त्याच मोटेलात होती आणि त्या 'योग्य जागी' शब्दांचा अर्थ कुणी सांगत नव्हतं. टेकडीवर रोज सकाळी फवारे गोल्फच्या गवतावर पाणी उडवत होते.

नगरपालिकेने त्या मैदानाचा गोल्फ क्लबबरोबरचा भाडेकरार पुन्हा वाढवायचा घाट घातला आहे, असं एतुआलेनेच येऊन सांगितलं. या वेळी तो कुणी विचारायच्या आधी आला. मातालेनाने त्याला आत घेतलं. जेवायला वाढलं नाही, पण चहा दिला.

त्या कराराच्या, टेकडीवर होणाऱ्या सभेच्या दिवशी तिने आपली जुनी गाडी मोटेलच्या दारात नेऊन भोंगा वाजवला. मेलेआने दोन्ही पोरांना घेऊन बाहेर आली. उद्घाटनाच्या दिवसापासून दोघी एकमेकींशी धड बोलल्या नव्हत्या.

"मी तुमच्यासाठी येत नाहीये," मेलेआने म्हणाली.

"मी कुठे म्हटलं माझ्यासाठी ये? पट्टा लाव पोरांना. आणि तिथे आधी तू बोलायचं. मी आधी बोलले की ते कान बंद करून घेतात."

"मी ओरडेन हं."

"ओरड की. गेल्या वेळी मला ऐकवलंस, तसंच ओरड. फक्त या वेळी तोंड त्यांच्याकडे ठेव."

मेलेआनेने दार धाडकन लावलं. मातालेनाने गाडी टेकडीच्या रस्त्याला घातली.